मामांच्या पुस्तकाचं पोस्टर

माझ्या सख्ख्या मामांना मी त्यांच्या हयातीतच मारलं, असं आमच्या गावात अजूनही काही लोक म्हणतात. हे धादांत खोटं आहे. मी फक्त त्यांच्यावर मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढलं. पुस्तक बारा पानांचं, त्यातही पहिलं पान कोरं. एवढ्याशा पुस्तकाने माणसाची काय दशा होऊ शकते हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी गणिताचा तास घेत बसलो असतो.

सुरुवात चित्रकलेच्या वर्गात झाली. मी इथल्या प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवतो. एके दिवशी तिसरीच्या मुलांना म्हटलं, 'माझं घर' काढा. बेचाळीसपैकी एकोणचाळीस मुलांनी उतरत्या छपराचं घर काढलं, छपरावर धुराडं काढलं आणि दारात मफलर गुंडाळलेला बर्फाचा माणूस उभा केला. उरलेल्या तिघांकडे पेन्सिल नव्हती.

मी हादरलो. आमच्या गावाने आजवर पाहिलेला बर्फ म्हणजे समोरच्या दुफिए मावशींच्या फ्रीजमधला, तोही वीज असेल त्या दिवशी. पण दोष मुलांचा नव्हता. शाळेच्या वाचनालयात एकच कपाट आहे आणि त्यातली सगळी चित्रांची पुस्तकं कोणी ना कोणी परदेशातून पाठवलेली. त्यांत अस्वलं मध खातात, आज्या केक भाजतात आणि सगळ्यांना सारखी थंडी वाजत असते. आमच्या लाल मातीचं, कोकोच्या झाडांचं, आमच्या कापडांवरच्या चिन्हांचं एकही पान त्या कपाटात नव्हतं. ते मीच काढायचं ठरवलं. हे ठरवताना घरात कोणाला विचारलं नाही, ही माझी पहिली चूक.

विषय घरातच होता. माझे मामा क्वाजो आजेम्फ्रा हे अडिंक्रा कापडाचे आमच्या भागातले शेवटचे ठसेकरी. वय चौऱ्याऐंशी. ओढ्यापलीकडे त्यांचं अंगण, अंगणात झाडाची साल उकळणारी दोन पिंपं, आणि छपराखाली दोरीला टांगलेले, तुंब्याच्या वाळक्या कवटीतून कोरलेले एकशे सात ठसे. कापड ताणून बसवायचं, आधी लाकडी फणीने काळ्या रंगाच्या रेघा ओढून चौकोन पाडायचे, मग चौकोनात ठसे उठवायचे. प्रत्येक ठशाला नाव आहे आणि प्रत्येकाला सांगण्यासारखं काही आहे. पन्नास वर्षं गावात कोणीही गेलं की घरच्यांच्या अंगावर मामांच्या हातचं कापड असायचं.

हे काम मामाकडून भाच्याकडे जातं, तशी रीतच आहे. मामांना भाचा एकच, तो मी. चौदाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली तीन दिवस बसलो, चौथ्या दिवशी पळालो आणि पुढे मास्तर झालो. त्यावरून मामा मला कधी बोलले नाहीत. फक्त दर नाताळात जेवताना म्हणायचे, "मी गेलो की ते ठसे माझ्या शवपेटीत घाला. मागे कोणाला अडगळ नको." हे ऐकलं की मी अर्धं ताट टाकून उठायचो. ते ठसे मामांबरोबर मातीत जाऊ नयेत, आमच्या मुलांच्या हातात यावेत, एवढीच माझी इच्छा होती. पुस्तक हे निमित्त.

मी ओढा ओलांडून गेलो आणि मामांना विचारलं, "मुलांना शिकवाल का?"

"आधी तू शीक," मामा पिंप ढवळत म्हणाले.

"मामा, मी पंचावन्न वर्षांचा झालो."

"मग घाई कर."

"निदान तुमच्यावर पुस्तक काढू द्या. चित्रांचं."

मामांनी पिंपाखाली आणखी एक लाकूड सरकवलं. "चित्रं काढ. ठसे मागू नकोस."

म्हणून मी मामांची चित्रं काढली आणि मुलांना कोनफळाच्या फोडी कोरायला लावल्या. त्या फोडी काळ्या रंगात बुडवून त्यांनी शाळेच्या एका जुन्या पांढऱ्या चादरीवर पुस्तकातली चिन्हं उठवली. वर्ग आठवडाभर भाजीच्या दुकानासारखा दिसत होता. मुख्याध्यापक दोनदा येऊन दारातूनच परत गेले.

शाळेत पुस्तक द्यायचं तर शिक्षण कार्यालयाची परवानगी लागते. बर्फाच्या माणसाला ती लागली होती का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं.

"तो बाहेरून आलाय," बाई म्हणाल्या. "बाहेरून येतं त्याचं ते लोक बघून घेतात. तुमचं आम्हाला बघावं लागतं. पुस्तकातली व्यक्ती हयात की मयत?"

"हयात."

"मग संमतीचा अंगठा आणा. तीन प्रतींवर. मयत असती तर सोपं होतं, एका दाखल्यात भागलं असतं."

ह्या वाक्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. मामांचे तीन अंगठे आणून दिले. त्यांचे अंगठे कापडाच्या रंगाने मुळातच काळे असल्याने शाई वाचली, एवढाच काय तो ह्या प्रकरणातला फायदा.

मग दुफिए मावशी मधे पडल्या. मावशी सकाळी रस्त्याकडेला बाजरीची पेज आणि चवळीची भजी विकतात, आणि भज्यांबरोबर सल्ला फुकट असतो. "मास्तर, पुस्तक नुसतं शाळेत वाटून कसं चालेल? कार्यक्रम करा. शनिवारी करा, शनिवारीच लोक मोकळे असतात. मंडप घाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणा. ढोलवाले सांगा. आणि जेवण ठेवा, नाहीतर तुमच्या पुस्तकाला कुत्रं विचारणार नाही."

माझी बायको पोकुआ म्हणाली, "आणि गावात पोस्टरं लावा. पोस्टर लावल्याशिवाय कोणी कुठे जातं का?"

आता शांतपणे विचार करताना माझ्या लक्षात येतं की आमच्या गावाला कार्यक्रम एकच येतो. शनिवार, मंडप, खुर्च्या, ढोल, जेवण आणि पोस्टर, असं सगळं जमवून आम्ही माणसाला निरोप देतो. दुसऱ्या कशासाठी चार माणसं कशी गोळा करायची हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. पण हे सुचायला डोकं जागेवर लागतं, आणि माझं डोकं तेव्हा 'चित्रकार' ह्या शब्दात अडकलं होतं. पुस्तकावर माझ्या नावाआधी तो शब्द छापला जाणार होता.

छापखाना बेदियाकोचा. मी त्याच्याकडे मी काढलेलं मामांचं चित्र नेलं, मजकूर नेला: 'एका थोर आयुष्याची गोष्ट. क्वाजो आजेम्फ्रा, वय चौऱ्याऐंशी. मुलांसाठी चित्रांचं पुस्तक. शनिवारी सकाळी नऊ वाजता, शाळेच्या मैदानावर. सर्वांनी यावे.' आणि म्हटलं, रंग हिरवा आणि पिवळा.

"हिरवा नाही," बेदियाको म्हणाला. "यंत्रात लाल आणि काळा भरलेला असतो. आठवड्याला सात-आठ पोस्टरं असतात माझ्याकडे, सगळी त्याच रंगात. हिरव्यासाठी यंत्र धुवावं लागेल. पुढच्या महिन्यात धुणार आहे."

"बरं, लाल-काळा."

"आणि हे चित्र छापून येणार नाही. रेघा फार बारीक आहेत. फोटो नाही का?"

मामा फोटो काढू देत नाहीत. आमच्या लग्नातला एकच आहे, पोकुआच्या पेटीतला. त्यात मामा खांद्यावरून काळं कापड घेऊन बसलेत आणि कोणीतरी जेवणाला उशीर केल्यासारखे समोर बघताहेत. तो फोटो मी देऊन आलो. मजकूर मी पुन्हा वाचून बघितला का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही बघितला. मी चित्रकार आहे, वाचक नव्हे.

गुरुवारी सकाळी रडण्याच्या आवाजाने मी बाहेर आलो. दुफिए मावशी माझ्या दारात, डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पेजेचं पातेलं त्यांनी तसंच चुलीवर सोडलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी ते कोणासाठी सोडल्याचं मला आठवत नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "काल तुम्ही माझ्याकडून आठ भजी घेतलीत आणि मला एक शब्द बोलला नाहीत."

मी रस्त्यावर धावलो. गाड्यांच्या अड्ड्याच्या भिंतीवर मामा होते. त्यांच्या उजवीकडे गेल्या आठवड्यात गेलेल्या एक आजी होत्या, डावीकडे कुमासीचे एक निवृत्त फौजदार, मध्ये मामा. लाल चौकट, काळी पार्श्वभूमी, वर मोठ्या अक्षरांत 'एक थोर आयुष्य', खाली वय, वार, वेळ आणि मैदान. मजकूर बसत नव्हता म्हणून बेदियाकोने 'गोष्ट' काढून टाकली होती. 'मुलांसाठी चित्रांचं पुस्तक' ही ओळ सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती आणि तिच्यावर खळ सांडली होती. चर्चच्या फाटकावर मामा. मुखियाच्या वाड्याच्या भिंतीवर मामा. माझ्या शाळेच्या फळ्यावरसुद्धा मामा. 

मी दिसेल त्याला सांगत सुटलो, "अहो, मामा ठणठणीत आहेत."

आणि इथे मी दुसरी आणि सगळ्यात मोठी चूक केली. आमच्यात थोर माणूस गेला की घरचे ते लगेच कबूल करत नाहीत. 'जरा कणकण आहे', 'गावाला गेलेत', 'ठणठणीत आहेत', असं काहीतरी सांगत राहतात, जोवर कुळाचे प्रमुख अधिकृतपणे जाहीर करत नाहीत तोवर. जवळच्या माणसाने 'ठणठणीत आहेत' म्हटलं की ऐकणारा समजायचं ते समजतो. त्यामुळे मी जितक्या जोरात मामांना जिवंत करत होतो तितके ते गावात पक्के मरत होते. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत, मान हलवत आणि हळू आवाजात म्हणत, "बरोबर आहे मास्तर. तुम्ही असंच म्हणायला हवं."

काही लोक खांद्यावर हात ठेवत नव्हते. त्यांचं बोलणं मला पाठीमागून ऐकू आलं.

"ओढ्यापलीकडचं घर, कोकोची झाडं, सगळं भाच्यालाच जाणार."

"म्हणून तर बघ. अजून शोक जाहीर नाही आणि ह्याची पोस्टरं तयार."

"मंडपसुद्धा गेल्या आठवड्यातच ठरवलाय म्हणे."

मंडप खरोखरच गेल्या आठवड्यात ठरवला होता. आता ह्यावर माणसाने बोलायचं काय? ते घर दोन खोल्यांचं आहे, छपराला बारा भोकं आहेत आणि कोकोची झाडं सहा आहेत, हे मी त्यांना वळून सांगितलं. भोकं मोजलेली आहेत हे ऐकल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुपारी कुळाचे प्रमुख नाना चेरेमे आले. बरोबर काठी, छत्री आणि दोन साक्षीदार. शोक करायला माणसं वारसाकडे, म्हणजे भाच्याकडे, येतात, म्हणून तेही माझ्याच ओट्यावर येऊन बसले. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"आजेम्फ्रा गेल्याचं मला भिंतीवरून कळलं," ते म्हणाले. "मला. भिंतीवरून."

"नाना, मामा जिवंत आहेत."

"तो जिवंत आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी माझ्या घरी दारूची बाटली घेऊन यायचं, मला सांगायचं, मग मी गावाला सांगायचं. चौदा वर्षांत माझ्या परवानगीशिवाय ह्या कुळात कोणी मेलेलं नाही."

"पण ते मेलेच नाहीत."

नाना आपल्या साक्षीदारांकडे वळले. "मुलगा चांगला आहे. रीतीप्रमाणे बोलतोय. मग पोस्टर कशाला लावलं, हे मात्र कळत नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दंड एक मेंढा. दोन बाटल्या. शनिवारी."

मी म्हटलं, शनिवार रद्द करतो. त्यावर पोकुआच बाहेर आली. "रद्द कसा करणार? ओबुआसीचे पाहुणे निघालेत. तुमच्या आत्येबहिणीने नवीन काळं कापड शिवून घेतलंय. ढोलवाल्यांना तर मीच सांगितलंय. अहो, आता मामा आले तरी कार्यक्रम थांबत नाही."

कार्यालयातल्या बाईंचाही निरोप आला. त्यांनी बसमधून पोस्टर पाहिलं होतं. तुमच्या फाइलवर व्यक्ती हयात लिहिली आहे, ते खोडावं लागेल, मयताची संमती चालत नाही, मृत्यूचा दाखला आणा. मी कळवलं, ती व्यक्ती जिवंत आहे. बाईंनी उलट कळवलं, मग हयातीचा दाखला आणा. तो कोण देतो? कुळाचे प्रमुख.

दुफिए मावशींनी ह्यावर तोडगा काढला. "अहो, पोस्टरने झालंय ते पोस्टरनेच निस्तरेल. दुसरं लावा. ते जिवंत आहेत म्हणून लिहा."

मी बेदियाकोकडे गेलो आणि ह्या वेळी समोर उभा राहून मजकूर लिहून दिला: 'चूक दुरुस्ती. क्वाजो आजेम्फ्रा हयात आहेत.' शुक्रवारी सकाळी तो भिंतींवर लागला. तोच फोटो, तीच लाल चौकट, तेच काळं. गावाने फोटो बघितला, मजकूर वाचण्याची तसदी कोण घेतं? संध्याकाळच्या आत सगळीकडे बोभाटा झाला की एकाच माणसाची दोन पोस्टरं म्हणजे दफन मोठ्या इतमामाचं असणार. मंडपवाल्याने माझ्याशी न बोलता खुर्च्या दुप्पट केल्या.

आता मामांना सांगणं भाग होतं. ओढा ओलांडताना मी मनात चार वेगवेगळ्या सुरुवाती तयार केल्या. चारही वाया गेल्या, कारण मामा अंगणात बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ते पोस्टर होतं. बेदियाकोची पोरं शिस्तीची आहेत. ती पहिलं पोस्टर गेलेल्या माणसाच्या दाराशीच लावतात.

मामांना लांबचं दिसत नाही. नाकाला लागेल इतका कागद जवळ धरून ते कोपरे तपासत होते. मी पायांशी बसलो. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढतील, आणि त्यांनी काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"हा कोपऱ्यातला पक्षी उलटा छापलाय," मामा म्हणाले. "मान मागे वळवलेली हवी. हा पुढे बघतोय. ही कोंबडी झाली."

"मामा, माझी चूक झाली. मला नीट काही जमत नाही."

"ते मला चौदाव्या वर्षीच कळलं होतं." त्यांनी पोस्टर घडी करून बाजूला ठेवलं. "किती लोक येतील?"

"सगळं गाव. ओबुआसीचेसुद्धा."

"शोकाचं काळं-तांबडं नेसून?"

"हो."

"येऊ दे," मामा म्हणाले. "मीपण येतो. कोणाला सांगू नकोस."

सांगण्याची चिंता नव्हती. सांगूनही कोणी ऐकत नव्हतं.

शनिवारी मैदान फुलून गेलं होतं. नवापासूनच रडारड सुरू झाली. माझ्या आत्येबहिणीने दोनदा जमिनीवर लोळण घेतली आणि दोन्ही वेळा आधी कोणी बघतंय का ते पाहून घेतलं. मंडपाच्या मागच्या दोरीवर तिसरीच्या मुलांची चादर टांगली होती, आणि मुलं तिच्यासमोर खाली रांगेत, हातात बारा पानी पुस्तक घेऊन बसली होती. मी स्वतः बाजारातून आणलेलं काळं कापड नेसलो होतो. घरात दुसरं नव्हतं, आणि पोकुआ म्हणाली, लोकांना वाईट दिसेल.

नाना चेरेमे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आजेम्फ्रा आपल्यातून—"

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने मामा आले. अंगावर पांढरं कापड, पायात चप्पल, हातात काठी. एक ढोल वाजता वाजता थांबला, दुसरा पडला. पहिल्या रांगेतल्या तीन बायका खुर्च्यांसकट मागे कलंडल्या. नानांनी उरलेलं वाक्य तोंडातच ठेवलं आणि ते खाली बसले, पण खुर्ची तिथे नव्हती.

मामा सरळ मंडपात शिरले. पहिल्या रांगेपाशी गेले, वाकले आणि माझ्या आत्येबहिणीच्या खांद्यावरचं कापड नाकापाशी धरून बघू लागले. 

"हे कारखान्यातलं," मामा म्हणाले आणि पुढे सरकले. "हेही कारखान्यातलं. ह्यावरचं हे चिन्ह कुठलं? असं चिन्हच नाही. हे तर कोणाच्या साबणाचं दिसतंय." एकेक माणूस, एकेक पदर. कोणी हललं नाही. "हे परदेशी. हे परदेशी. नाना, तुमचं चांगलं आहे, पण सगळे ठसे उलटे आहेत."

सगळी रांग संपवून ते मध्यभागी आले. "पन्नास वर्षं तुमच्या घरचे गेले तेव्हा मी कापड केलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आज माझ्यासाठी आलात. एवढ्या लोकांत माझ्या हातचं एकाच्याही अंगावर नाही."

 मी मान खाली घातली होती. चपला दिसल्या, माझ्यासमोर येऊन थांबल्या. मामांनी माझं कापड दोन बोटांत धरलं, जवळ नेलं आणि सोडून दिलं.  त्यांनी माझ्या मुस्कटात मारली असती तर मी उभा राहू शकलो असतो. मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. पोस्टरची नव्हे, मी पळालो त्या चौथ्या दिवसाची.

खाली बसलेल्या मुलांतून अडोमा नावाची मुलगी उठली. तिला कधीही गप्प बसता येत नाही. "आजोबा, तुम्ही मेलात का?"

"अजून नाही." मामांची नजर तिच्या मागच्या पांढऱ्या चौकोनाकडे गेली. "ते काय टांगलंय?"

"आमची चादर. आम्ही केली."

मामा चादरीपाशी गेले, नाक टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. इतका वेळ त्यांनी एकाही कापडाला दिला नव्हता.

"ह्या रेघा कोणी मारल्या?"

"मी आणि हिने," अडोमा म्हणाली.

"वाकड्या आहेत."

"तुम्ही शिकवल्याच नाहीत," अडोमा म्हणाली.

मी डोळे मिटले. आजवर मामांना असं कोणी बोललेलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा मामा, त्यांच्या फोटोसाठी म्हणून सजवून ठेवलेल्या खुर्चीवर बसले होते.

"सोमवारी," ते मला म्हणाले, "शाळा सुटली की ह्यांना घेऊन ये. फणी मी देईन, ठसे मी देईन. आणि तूही बसायचं, ह्यांच्यात, खाली. माझं शेवटचं कापड भाच्याने करायचं असतं. तुझ्या रेघा सरळ आल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही."

नाना चेरेमे जमिनीवरूनच म्हणाले, "साधारण किती दिवस धरायचे? मला कुळाला सांगावं लागेल."

मामांनी माझा हात ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली. "ह्याचे हात बघता," ते म्हणाले, "बरीच वर्षं."

मग हसू फुटलं. कोणाचं आधी ते कळलं नाही, पण माझ्या आत्येबहिणीचं सगळ्यात मोठं होतं. जेवण झालं, ढोल वाजले, मुलांनी पुस्तक मोठ्याने वाचलं आणि गाव रात्रीचं जेवण करायला घरी गेलं नाही, कारण भूकच उरली नव्हती. नानांनी मेंढा सोडला नाही. मरण जाहीर झालं होतं, ते मागे घ्यायलाही मेंढा लागतो म्हणाले. हयातीचा दाखला मात्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिला.

ह्याला आता दोन वर्षं होतील. दर सोमवारी चौदा मुलं आणि मी ओढा ओलांडून मामांच्या अंगणात बसतो. अडोमाचे चौकोन असे येतात की मामा कापड डोळ्यांपासून दूर धरून, काही दिसत नसताना, नुसते बघत राहतात. पिंपाजवळच्या पाटावर माझं कापड वेगळं ठेवलेलं असतं. मामा दर वेळी शेवटी त्यावर वाकतात, नाक टेकवतात आणि म्हणतात, "वाकडी. अजून वाकडी. पुढच्या सोमवारी बघू." आणि काठी टेकत आत जातात.

माझी रेघ सरळ येऊ लागल्याला आता सहा महिने झाले. मामांना अजून ते कळू दिलेलं नाही.